वाटेत बिघडली तर? लांबच्या प्रवासाची सायकल जुळवताना

ज्या घरात कधीच सायकल नव्हती असे मराठी घर शोधूनच काढावे लागेल. नळीखालून पाय घालून शिकलेली भाड्याची सायकल, वडिलांच्या मागे कॅरियरवर बसून गाठलेली शाळा, वर्षातून एकदा केलेले ओव्हरहॉलिंग या आठवणी बहुतेकांच्या गाठीशी असतात. पण त्या सायकलचे भाग कोणी निवडून घेतले नव्हते. दुकानात जाऊन कंपनीचे नाव सांगायचे, घासाघीस करून घंटी आणि कुलूप फुकटात मिळवायचे, की झाली खरेदी!

सामान बांधून तीन-चार दिवसांच्या सफरीला निघायचे असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

समजा, नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. पंचविशीची मुलगी स्वतः कमावते आणि तिने सायकलने जिंजीला जायचे ठरवले आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात अनेक वर्षे झुंजवलेला हा किल्ला चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव किल्ला. तो पाहून झाला की पुढच्या खेपेस तंजावर, असा तिचा बेत.

बाबा दुकानातली कार्बनची चकचकीत सायकल पाहून आले आहेत. मुलगी म्हणते, "स्टीलची फ्रेम घेईन आणि बाकीचे भाग निवडून बसवून घेईन." आईचा प्रश्न एकच आहे, "अगं, पण वाटेत बिघडली तर?"

आईचा हा प्रश्न काळजीपोटी आलेला असला, तरी सायकलचा प्रत्येक भाग निवडताना तोच विचारायला हवा.

स्टीलच का?

चेन्नई आणि स्टीलची सायकल यांचे नाते जुने आहे. १९४९ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये मुरुगप्पा समूहाने इंग्लंडमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या सहकार्याने सायकलचा उद्योग सुरू केला. शहराजवळच्या अंबत्तूरला कारखाना उभा राहिला आणि हर्क्युलिस, बीएसए ही नावे घराघरांत पोहोचली.

आपल्या मुंबईचे उदाहरण तर त्याहून जुने. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ मध्ये परतले. तेव्हा कार्बनची फ्रेम कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

स्टील जड असते, हे खरे. पण ते हादरे सोसते आणि बहुधा एकदम तुटत नाही. आधी वाकते किंवा बारीक चीर दाखवते. वेळ आलीच तर गावातला वेल्डिंगवालाही घरी पोहोचण्यापुरता जोड देऊ शकतो. कार्बनची फ्रेम तडकली तर रस्त्यावर काहीच करता येत नाही.

स्टीलमध्येही प्रकार आहेत. साध्या हाय-टेन्साइल स्टीलपेक्षा क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले स्टील, म्हणजे क्रोमोली, अधिक मजबूत. त्यामुळे नळी पातळ ठेवता येते आणि फ्रेमचे वजन उतरते. परवडत असेल तर क्रोमोली घ्यावे. नाही परवडले तरी हिरमुसू नये; साध्या स्टीलवरही लोक आयुष्यभर फिरले आहेत.

फ्रेम घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. कॅरियर आणि मडगार्ड बसवण्यासाठी आटे पाडलेली भोके आहेत का? जाड टायर लावून वर मडगार्डला जागा उरते का? आणि मागच्या पिशव्या लटकवल्यावर पायडल मारताना टाच त्यांना लागत नाही ना? शर्यतीच्या सायकलीत या तिन्ही ठिकाणी अडचण येते.

पैसे चाकांवर खर्च करा

दुकानात पहिला प्रश्न असतो, "गिअर किती?" खरे तर पहिला प्रश्न चाकांचा हवा. सामानाचे आणि स्वाराचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते आणि सफर बिघडते ती बहुधा तिथेच.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक असत. त्यामागे हेच गणित होते. आज दोन्ही चाकांना ३६ स्पोक असलेला जोड चांगला. त्यातला एखादा तुटला तरी चाक थोडेसे आउट होते, पण सायकल चालत राहते. २० किंवा २४ स्पोकांचे चाक दिसायला देखणे, पण त्यातला एक गेला की चाक ब्रेकला घासू लागते.

स्पोक स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि चाक अनुभवी कारागिराकडून विणून घ्यावे. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक डावीकडच्यापेक्षा किंचित आखूड असतात. दोन्ही मापांचे दोन-दोन जादा स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत. एवढ्याशा तयारीने अर्धा दिवस वाचतो.

मागचा हब कॅसेट पद्धतीचा असावा. जुन्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये गिअरच्या बाजूचे छर्रे बरेच आत असतात, त्यामुळे जड सामानाखाली आस वाकण्याची भीती असते. कॅसेट हबमध्ये छर्रे टोकाजवळ असतात आणि आसाला आधार मिळतो.

टायरवरचा आकडा वाचा

इथे भलेभले फसतात. गावोगावच्या दुकानात मिळणारे काळ्या सायकलचे '२८ बाय दीड' टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसते. आजच्या '७०० सी' चाकाची रिम ६२२ मिलिमीटरची असते, पण त्या टायरवरही अनेकदा '२८ इंच' असेच छापलेले असते. नाव एक, पण फरक १३ मिलिमीटरचा. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही.

२६ इंचाचीही तीच गत. जाड टायरच्या एमटीबीची रिम ५५९ ची आणि जुन्या बारीक टायरच्या सायकलीची ५९० ची. म्हणून इंचांवर विसंबू नये. टायरच्या कडेला '३७-६२२' अशी आकड्यांची जोडी असते. त्यातला पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसते.

मग निवडायचे काय? उंची कमी असेल आणि आडगावांतून फिरायचे असेल तर ५५९ चे चाक सोयीचे, कारण एमटीबी सगळीकडे पोहोचल्या आहेत. मुख्य रस्त्यांवरून जायचे असेल तर ६२२ चे घ्यावे, पण घडी घालता येणारे एक जादा टायर जवळ ठेवावे. रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर असली की खड्डे आणि खडी दोन्ही सोसतात.

व्हॉल्व्हकडेही लक्ष द्यावे. शर्यतीच्या सायकलीचा बारीक व्हॉल्व्ह साध्या पंपाला जुळत नाही. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असला तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. मात्र रिमचे भोक त्या मापाचे आहे ना, हे आधीच पाहावे.

गिअर किती, यापेक्षा कोणते?

चेन्नई ते जिंजी रस्ता बहुतांशी सपाट आहे. पण घेतलेली सायकल एका सफरीपुरती नसते. उद्या येलगिरीची १४ वळणे सामानासह चढायची झाली तर उपयोगी पडतो तो सर्वांत हलका गिअर.

त्याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे अडीच वेळा फिरते. सपाटीवर ते छान. घाटात मात्र पुढे २६ आणि मागे ३४ असे काही हवे. तिथे चाक पाऊण फेरा फिरते, वेग मंदावतो, पण गुडघे वाचतात. दुकानदाराला गिअरची संख्या विचारण्याऐवजी पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चक्र किती दात्यांचे, हे विचारावे.

मागे आठ किंवा नऊ चक्रे पुरतात. अकरा-बारा चक्रांची चेन बारीक आणि महाग असते, शिवाय लहान गावात ती मिळण्याची आशा नसते. आठ चक्रांची चेन मिळण्याचा संभव त्यामानाने बराच जास्त.

ब्रेकलाही तोच नियम. तेलाचे डिस्क ब्रेक उत्तम थांबवतात, पण गळती लागली तर रस्त्यात दुरुस्ती अवघड. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक किंवा रिमला धरणारे व्ही-ब्रेक यांतले काहीही घ्यावे. ब्रेकची एक तार, गिअरची एक तार आणि रबराचा एक जोड पिशवीत ठेवला की काम झाले.

सीट, हँडल आणि कॅरियर

मऊ, जाड गादीची सीट पहिल्या तासाला सुखाची वाटते आणि चौथ्या तासाला नकोशी होते. बसताना ज्या दोन हाडांवर भार येतो त्यांना आधार देणारी, जराशी कडक सीटच दिवसभर साथ देते. बायकांमध्ये या हाडांतले अंतर बहुधा जास्त असते, त्यामुळे भावाची सीट बहिणीला सोसेलच असे नाही. शक्य असेल तर मैत्रिणीची सीट आठवडाभर लावून पाहावी, मगच पैसे मोजावेत.

हँडल सरळ असो वा खाली वळलेले, हातांची जागा बदलता आली पाहिजे. नाहीतर तळवे बधिर होतात. कॅरियर मात्र स्टीलचाच घ्यावा. ॲल्युमिनियमचा तुटला तर साध्या वेल्डिंगने जोडता येत नाही.

समुद्राची खारी हवा

चेन्नईतल्या सायकलचा खरा शत्रू समुद्राची खारी हवा. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर परतीच्या मोसमी पावसाची भर. स्टील बाहेरून रंगवलेले असते, पण गंज आतून धरतो. भाग बसवण्याआधीच फ्रेमच्या नळ्यांत गंजरोधक तेल फिरवून घ्यावे. पायडलच्या खालच्या जोडाला पाणी निघून जाण्यासाठी भोक आहे का, तेही पाहावे.

ॲल्युमिनियमची सीटची दांडी स्टीलच्या नळीत ग्रीसशिवाय घातली तर काही महिन्यांत ती अशी घट्ट बसते की निघता निघत नाही. म्हणून प्रत्येक आट्याला आणि दांडीला ग्रीस हवेच. समुद्रकाठच्या रस्त्याने फिरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलकेच धुवावी, पुसावी आणि चेनला तेल द्यावे. दहा मिनिटांचे काम आहे.

खर्चाची वाटणी

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवावा. आधी मापाची फ्रेम, मग चाके आणि टायर, त्यानंतर ब्रेक आणि सीट, मग कॅरियर आणि दिवे. गिअर सर्वांत शेवटी. ते पुढे बदलता येतात. कमजोर चाक मात्र पहिल्याच सफरीत दगा देते. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांत काटकसर मुळीच नको.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. सायकल तयार झाली म्हणजे लगेच जिंजीला निघायचे नाही. आधी पूर्ण सामान लादून महाबलीपुरम गाठून परत यावे. कुठे खडखडते, काय सैल होते, हे त्या एका दिवसात कळते. जिंजीचा रस्ता दिंडिवनमपर्यंत रेल्वेमार्गाच्या सोबतीने जातो. चेंगलपट्टू, मेलमरुवत्तूर, दिंडिवनम या स्थानकांची नावे कागदावर लिहून एक प्रत घरीही ठेवावी. अगदीच अडले तर सायकल कुठे ठेवायची आणि घरी कसे यायचे, हे सर्वांना ठाऊक असावे.

आणि एक परीक्षा घरीच व्हावी, तीही आईसमोर. मुलीने मागचे चाक काढून ट्यूब बदलावी, चेनची कडी जोडून दाखवावी, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवून ते काढून बसवावे. हात काळे होतील, पहिल्या वेळी तासभर लागेल. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांत होईल.

सायकल कधीच बिघडणार नाही, असे वचन कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. पण "बिघडली तर मी काय करीन" हे मुलगी शांतपणे सांगू शकली, तर आईला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजावे. मग पहाटे चारला उठून डबा भरून देणारी पहिली तीच असेल.