तिकीट काढून पाहावयाची माणसे

उत्तर थायलंडमधील चिआंग माई येथे जाणाऱ्या आपल्याकडील सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन स्थळे बहुधा एकाच दिवशी असतात: सकाळी बो सांग गावचे छत्र्यांचे कारखाने आणि दुपारी ‘लांब मानेच्या’ कायान स्त्रियांची वस्ती. प्रस्तुत लेखकानेही हा क्रम इमानेइतबारे पाळला. पैसे दोन्हीकडे मोजले. पण कशाचे, हा प्रश्न घरी परतल्यावरही पिच्छा सोडीना.

बो सांगचे उत्तर सोपे आहे. कागदी तुतीची साल शिजवून, कुटून तिचा कागद करावयाचा, तो बांबूच्या काड्यांवर चिकटवून वाळवावयाचा, मग त्यावर फुले रंगवावयाची. छत्रीच्या किमतीत दुकानदाराचा नफा असतोच. तरीही कारागीर विकतो ती वस्तू, आणि उद्या दुसरा धंदा धरावासा वाटला तर त्याला कोणी अडवीत नाही.

कायान वस्तीत मात्र तिकीट दारावरच असते. मे होंग सोनकडील वस्त्यांत परदेशी प्रवाशाकडून वर्षानुवर्षे २५० बाट घेतले जात. या स्त्रिया मूळच्या म्यानमारमधील काया प्रांताच्या. लष्कर आणि बंडखोर यांच्या लढाईमुळे १९८० च्या दशकापासून त्यांची कुटुंबे सीमा ओलांडून आली. गळ्यातील पितळी वेटोळ्यांनी मान लांबत नाही. त्यांच्या भाराने गळ्याचे हाड व बरगड्या खाली दबतात. न्यूझीलंड व फिनलंड यांनी काही कायान निर्वासितांना आश्रय देऊ केला असता थायलंडने त्यांना देश सोडण्याचा परवाना नाकारला. तेव्हा २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाला प्रवाशांनी तेथे जाऊ नये असे सुचवावे लागले.

कामगाराला मालक बदलता येतो, हे आम्ही वर्गात पहिल्याच तासाला गृहीत धरतो. (ते किती खरे, हे विद्यार्थी नोकरीला लागल्यावर शिकतात.) येथे ते गृहीतकच नाही. स्त्री जागेवर राहते म्हणून तिकीट खपते, आणि गल्ला दुसऱ्याच्या हाती असतो.

मग जाऊच नये काय? इतके सरळ उत्तर मला पटत नाही. २०२० साली कोरोनामुळे प्रवासी थांबले तेव्हा या वस्त्यांचे उत्पन्नच आटले. बहिष्काराची किंमत आपण मोजीत नाही, त्या मोजतात. निदान तिकिटातील किती पैसे वस्तीत पोहोचतात हे सहल ठरवितानाच विचारावे, आणि मागावर बसलेल्या बाईकडून तिने विणलेला पंचा घासाघीस न करता घ्यावा.

आमच्यातील एका शिक्षिकेने तसा पंचा घेतला आणि मुलगी शाळेत जाते का, असे विचारले. वाटाड्याने तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचविलाच नाही. बस सुटण्याची वेळ झाली होती.