चंद्र, जॉनी आणि दुधावरची साय

जगबुडीच्या गोष्टी मला एरवी फारशा आवडत नाहीत. लाटा येतात, इमारती पडतात, नायक धावत सुटतो... पण सूझन बेथ फेफर यांची 'लाइफ ॲज वी न्यू इट' (2006) ही कुमारांसाठीची कादंबरी परवा पुन्हा वाचली आणि पहिल्यासारखीच अस्वस्थ झाले.

लघुग्रह आदळून चंद्र पृथ्वीजवळ सरकतो. किनारे बुडतात, ज्वालामुखी उसळतात, राखेने सूर्य झाकला जातो. विज्ञान कच्चंच आहे, चंद्र असा सहजी हलायचा नाही. असो. खरी गोष्ट घडते पेनसिल्व्हेनियातल्या एका घरात. सोळा वर्षांची मिरांडा डायरी लिहितेय. थोरला मॅट, धाकटा जॉनी आणि आई. मुलगे लाकडं फोडतात, थंडीत सगळे शेगडीपाशी एकाच खोलीत झोपतात, आणि साठवलेले डबे संपत जातात. आई आधी स्वतःचं खाणं कमी करते. मग मिरांडाच्या लक्षात येतं, की जॉनीच्या पानात जास्त पडतंय. सगळे जगणार नसतील तर निदान एक तरी, हा आईचा हिशेब.

अशी पुस्तकं मुलांना देऊ नयेत, ती घाबरतात, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर मुलं ज्वालामुखीला घाबरत नाहीत, या हिशेबाला घाबरतात. आणि तो त्यांना आधीच ठाऊक असतो. आमच्याकडे कुठे चंद्र सरकला होता? तरी दुधावरची साय भावाच्याच वाटीत पडायची. "त्याला वाढायचंय," आजी म्हणायची. मी काय खुंटणार होते?

फेफरबाई आईला दुष्ट ठरवत नाहीत आणि मिरांडाला संतही करत नाहीत, हे मला फार आवडलं. ती चोरून चॉकलेट खाताना पकडली जाते, भांडते, धुसफुसते. आणि शेवटी जॉनीला पुरावं म्हणून तीच बर्फात घराबाहेर पडते. पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या भागात, 'द डेड अँड द गॉन'मध्ये (2008), आईवडीलच नाहीत. न्यूयॉर्कमधल्या सतरा वर्षांच्या ॲलेक्सला दोन धाकट्या बहिणींसाठी हा हिशेब स्वतःच करावा लागतो. तो भाग जास्त काळा आहे, जरा मोठ्या मुलांनाच द्यावा.

पहिलं पुस्तक भावाला पाठवलंय. जॉनीच्या जेवणापर्यंत पोचलास की फोन कर, म्हटलं. अजून आलेला नाही.