पंचगंगेचा हिशेब किलोत मांडा!



पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आपण किती वेळा पाहिला? मासे मेले की नमुने घेतात, पंचनामा होतो, नोटिसा निघतात. मग जो तो म्हणतो, "आमचं पाणी निकषात बसतं." आमचं म्हणणं असं की, हे खरं धरलं तरी नदी मरते. दुखणं त्या निकषातच आहे.

उद्योगांच्या सांडपाण्याचा सर्वसाधारण निकष आहे लिटरमागे 30 मिलिग्रॅम बीओडी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जेवढा प्राणवायू खाते, त्याचं माप. नदीत अंघोळ करायची तर हा आकडा 3 च्या आत हवा. म्हणजे निकषात बसणारं एक लिटर सांडपाणी सोसायला नदीत नऊ लिटर अगदी निर्मळ पाणी पाहिजे. चैत्र-वैशाखात ते कुठून येणार? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी तेव्हा बंधाऱ्याबंधाऱ्यावर अडलेलं असतं. त्या साचलेल्या पाण्यात कोल्हापूरचा जयंती नाला येतो, इचलकरंजीचा काळा ओढा येतो, साखर कारखान्यांचं आणि गावोगावच्या गटारांचं पाणी येतं. दहा लाख लिटर 'निकषातलं' पाणी रोज 30 किलो बीओडी घेऊन उतरतं. असे दहा जण सोडू लागले तर 300 किलो. प्रत्येक जण नियमात, आणि नदी मेलेली!

म्हणून मर्यादा नदीला घाला. सगळ्यात कमी पाण्याच्या महिन्यात ती रोज किती किलो घाण पचवेल, हे आधी मोजा. थोडा भाग राखीव ठेवा आणि उरलेल्याची वाटणी शहरं, कारखाने, गावं यांच्यात करा. वाटणी संपली की नवा परवाना नाही. अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यात अशी रोजची मर्यादा ठरवण्याची तरतूद आहे. तिच्या आधारे 2010 मध्ये चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांसाठी सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांना नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळाचे वाटे ठरवून दिले गेले. आपल्याकडे 1974 चा पाणी कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. पंचगंगेवर अशी बंधनकारक मर्यादा मात्र नाही.

अशी मर्यादा आली तर इचलकरंजीचे यंत्रमाग बंद पडतील, अशी भीती घालतात. पण 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हा दूषित पाणी कामगारांच्याच घरात आलं होतं. आणि आज सचोटीने पाणी शुद्ध करणारा कारखानदार तोट्यात जातो, रात्री गुपचूप सोडणारा फायद्यात राहतो. वाटा ठरला, नाल्यानाल्यावर रोजचा आकडा फलकावर लागला, तर चोरी लपणार नाही. महापालिकांनाही यातून सूट नको. नदीतल्या घाणीत मैलापाण्याचा वाटा मोठा आहे.

प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंतच्या प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत एकच ठराव करावा: पंचगंगेची रोजची मर्यादा किलोत जाहीर करा, आणि ती होईपर्यंत नदीत सांडपाणी सोडायचा एकही नवा परवाना देऊ नका. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

— पंचगंगाकाठचे नागरिक