काळीत घर बांधताय? आधी खड्डा बघा



अक्षय तृतीया झाली की गावोगाव नव्या घरांचे पाये खणायला सुरुवात होते. पाऊस तोंडावर असतो, गवंड्याने चार ठिकाणची कामे धरलेली असतात आणि घरधन्याला एकच घाई, की मिरगाच्या आत जोते वर आले पाहिजे. घराचे पुढे काय होणार, ते बरेचसे या घाईतच ठरून जाते.

शेतीच्या पानावर पायाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण पाया ज्या जमिनीत बसतो ती तुमच्या-आमच्या रोजच्या ओळखीची आहे. वाडवडिलांनी जमिनीच्या दोन वाटण्या केल्या होत्या. काळी पिकवायला, पांढरी राहायला. गावठाण बहुधा उंचवट्यावर असायचे, पाणी निचरून जाणाऱ्या जागी. आता तिथे जागा उरली नाही. भाऊ वेगळे झाले, घरकुल मंजूर झाले, की घर निघते शेताच्या बांधाला, म्हणजे काळीत.

काळीचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. पाणी प्यायली की फुगते, ऊन लागले की आकसते. पिकाला ते मानवते; भेगाळलेली जमीन आपोआप नांगरली जाते असे आपणच म्हणतो. घराला ते मानवत नाही. घराच्या मधोमधच्या मातीला ना ऊन लागत ना पाऊस, ती आहे तशी राहते. कडेची माती मात्र दरवर्षी वर-खाली होते. म्हणून तडा आधी कोपऱ्यात दिसतो आणि खिडकीच्या कोनातून तिरपा चढत जातो.

हे मला कसे ठाऊक? पदविकेला माती शिकलो, लोकांना माती परीक्षण सांगत फिरतो आणि माझ्याच घराचा पाया तीन फुटांवर काळीत बसवला. आभाळ भरून आले होते, गवंडी म्हणाला "एवढं बास झालं", मीही मान हलवली. दुसऱ्या पावसाळ्यात मागचे दार अडकायला लागले. उन्हाळ्यात तेच दार सैल, आणि न्हाणीच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग. दोनदा सिमेंट भरले, दोनदा उकलले. वडील काही बोलत नाहीत, नुसते भेगेकडे बघतात.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागाने दगड-मातीच्या जाड भिंतींचा धसका घेतला आणि लोक सिमेंट-सळईकडे वळले. ते बरोबरच झाले. पण सळई घातली म्हणजे घर पक्के, हा समज काही खरा नाही. कॉलम कितीही जाड असो, खालची माती हलली की तोही हलणार.

मग करायचे काय? पाया आखण्याआधी जागेवर एक चाचणी खड्डा घ्या. मे महिन्यात भेगेत लांब तार सोडून बघा किती खोल जाते. बऱ्याच ठिकाणी ती चार-पाच फूट सहज उतरते. पाया त्या भेगेच्या खाली, आणि शक्य तर पक्क्या मुरमावर बसला पाहिजे. पाच-सहा फुटांवर मुरूम लागला तर खर्चाकडे न बघता तिथवर जा. नाहीच लागला तर अंदाजाने काम रेटू नका, अभियंत्याला विचारा. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया काढलेला आहे, आणि तो आपल्याकडे करणारे लोक मिळतात.

माती किती फुगणारी आहे याचा घरगुती अंदाज घेता येतो. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती दोन सरळ काचेच्या ग्लासांत सारखी घ्या. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल, ढवळा आणि दिवसभर ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर तिच्या दीडपट किंवा वर दिसला तर सावध व्हा. प्रयोगशाळेतली चाचणी याच तत्त्वावर चालते. घरचा प्रयोग म्हणजे फक्त इशारा समजा.

खड्ड्याचा तळ भुसभुशीत किंवा चिखलाचा असेल तर काँक्रीट ओतायचे नाही. चिखल काढा, तळ दुरमुसाने ठोका, मग चार इंच पीसीसी, आणि त्यावर फूटिंग. आता सगळ्यात मोठी चूक सांगतो. खणून काढलेली काळी मातीच परत खड्ड्यात आणि जोत्यात लोटतात. फुकटची भर म्हणून. तीच फुगून फरशी उचलते. भर मुरमाची घाला, सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, प्रत्येक थर ठोकून. काढलेल्या मातीत वरचा फूटभर थर तेवढा वेगळा ठेवा आणि हलक्या रानात पसरा. खालची चुनखडीची माती शेतात नेऊ नका.

घराभोवती तीन फुटांची फरसबंदी करा, उतार बाहेर. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. शोषखड्डे काढा असे आपणच गावोगाव सांगतो, पण काळीत ते पाणी लवकर मुरत नाही, पायालाच ओल देत बसते. शोषखड्डा दहा फुटांहून लांब हवा, जमेल तितका उताराच्या बाजूला. निलगिरी, पिंपळही घरापासून दूर ठेवा. उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाखालची ओल ओढतात.

आता ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांशी दोन शब्द. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, हप्त्याहप्त्याने, आणि टप्प्याटप्प्याचे फोटो जागेच्या नोंदीसह चढवावे लागतात. फोटोत दिसते ते जमिनीवरचे. पाया किती खोल गेला, कशावर बसला, हे जोते बांधून झाल्यावर कोणाला दिसणार? मंजूर झालेल्या पैशात दोन फूट जास्त खणणे परवडत नाही, म्हणून लाभार्थी तिथेच हात आखडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण काँक्रीट ओतण्याआधी अभियंत्याने एकदा खड्ड्यात डोकावावे, टेप सोडून एक फोटो घ्यावा, तळाला मुरूम आहे की काळी एवढे लिहून ठेवावे. यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची वाट कशाला बघायची? ग्रामसभेत ठराव घेऊन गावापुरते हे यंदाच सुरू करता येईल. खड्डे अजून उघडे आहेत.