जखम भरते, पण माणूस कोण उभा करणार?



बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो, पुढे काय? नर्सिंग, आय.टी.आय., कॉम्प्युटर यापलीकडे आपली नजर सहसा जात नाही. म्हणून आज एका वेगळ्या कामाची माहिती देत आहे. ते म्हणजे भाजलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याचे काम.

स्टोव्हचा भडका, गॅसची गळती, कारखान्यातला स्फोट, अ‍ॅसिड हल्ला, सासरचा छळ. जळीत वॉर्डातल्या प्रत्येक खाटेमागे यातले काही ना काही असते. डॉक्टर जीव वाचवतात, कातडी लावतात. पण रोजच्या ड्रेसिंगची धास्ती, रात्री दचकून उठणे, आरशाची भीती, 'आता मला कोण विचारणार' हा विचार, यांवर मलम नाही.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली. मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी वाचलेल्यांची व मृतांच्या नातेवाइकांची विचारपूस केली आणि १९४४ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यात एका तरुणाची नोंद आहे. त्याचे भाजणे किरकोळ होते, ते बरेही झाले. पण पत्नी आगीत गेली, आपण तिला वाचवू शकलो नाही, ही टोचणी त्याला सोडेना. शेवटी त्याने जीव दिला. असा धोका वेळीच ओळखायला सामाजिक कार्यकर्त्यांनीही शिकले पाहिजे, असे लिंडेमन यांनी लिहून ठेवले.

आपल्याकडे १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. आज सरकारी रुग्णालयात या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद करणे, धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटांची माहिती देणे, घरच्यांना समजावणे, मुलाला पुन्हा शाळेत बसवणे, ही त्यांची कामे. २०१६ च्या कायद्याने अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांना दिव्यांगांचे हक्क मिळाले आहेत. ते मिळवून देण्यासाठीही जाणकार माणूस लागतो. मानसशास्त्रज्ञ भीती, निराशा आणि वेदना यांवर रुग्णाशी बोलून उपचार करतो.

शिक्षण काय लागते? बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. करता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचे एम.एस.डब्ल्यू. होते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावे आहेत. मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. करता येते. मात्र रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी आवश्यक आहे. चार-सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर हे पद मिळत नाही. जाहिरातीला भुलून फीचे पैसे घालवू नका, आधी मान्यता विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज चुकवू नका.

सरकारी जागा थोड्या असतात आणि संस्थांचा पगार बेताचा असतो, हेही मुलांना आधीच सांगा.

तरीही या कामात आपल्या मुली मागे पडणार नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीतला संसार त्यांनी पाहिलेला असतो. खाटेजवळ सासरची माणसे उभी असताना एखादी बाई 'स्टोव्हचा भडका झाला' म्हणते, तेव्हा त्यामागे काय दडले असू शकते, हे त्यांना चटकन उमजते. तिला एकटीला विश्वासात घेणे, तिला बोलावेसे वाटले तर ते वेळेत डॉक्टर-पोलिसांपर्यंत पोचवणे, यावर तिचा न्याय आणि तिच्या लेकरांचे भवितव्य अवलंबून असते.

मुलगी म्हणाली, 'मला हे शिकायचंय,' तर 'त्यात काय ठेवलंय' म्हणू नका. तिला कॉलेजात घेऊन जा, फॉर्म आणा.