गालिच्याखाली गेलेली चिठ्ठी

नवराबायकोत गैरसमज झाला की आपल्याकडं कादंबरी होते. तालुक्याचं गाव, नदी, घाट, घाटावर देऊळ. नवरा डॉक्टर नाहीतर प्राध्यापक. बायको गोरी, सोशिक, सतारबितार वाजवणारी. मग एक चिठ्ठी भलत्याच हातात पडते, नाहीतर मोलकरीण दाराआडून अर्धंच ऐकते. पुढं दीडशे पानं रुसवा. शेवटी तापात बडबड, खरं काय ते कळतं, डोळे पुसले जातात, समाप्त. सर्क्युलेटिंग लायब्ऱ्यांच्या जिवावर पांढरपेशानं ही एकच गोष्ट नावं बदलून पिढ्यान्‌पिढ्या वाचली. ना. सी. फडक्यांनी तर १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कादंबरी रचायचं तंत्रच शिकवलं. तंत्राशी माझं भांडण नाही. गोणी उचलायलाही तंत्र लागतं, नाहीतर कंबर जाते. भांडण त्या गैरसमजाशी आहे.

गैरसमज म्हणजे काय? बाई निर्दोष आहे, नवऱ्याला तेवढं कळलेलं नाही. कळलं की मिटलं. आणि बाई खरोखरच ‘तशी’ असती तर? तर नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं ते बरोबर होतं काय? इथं कादंबरी तोंड उघडत नाही. गैरसमज दूर होतो, मूळ समज मात्र जागच्या जागी राहते.

गोदीत आम्ही हे रोज बघतो. पेटी फुटली की कागदावर लिहितात, हाताळताना नुकसान. म्हणजे हमालाची चूक. पेटीचं लाकूडच कुजकं होतं हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. ‘गैरसमज’ हा शब्द तसलाच रकाना आहे. लग्न मोडलं की हाताळणाऱ्याच्या नावावर टाकायचं. लाकूड कुणी बघायचं नाही.

ते लाकूड बघणारा एक गवंड्याचा पोरगा इंग्लंडात होऊन गेला. टॉमस हार्डी, जन्म १८४०, डॉर्सेट परगणा. त्याची ‘टेस’ १८९१ साली पुस्तकरूपानं आली. मी ती मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. फेरीवाल्याची पोर टेस. घरचा घोडा मेला म्हणून आईबाप तिला श्रीमंताच्या दारी पाठवतात. तिथला तरुण मालक तिची अब्रू घेतो. मूल होतं, मरतं. पाद्री त्या पोराला ख्रिस्ती रीतीनं मूठमाती द्यायला तयार होत नाही. मग ती दूध काढायच्या कामाला दूरच्या गोठ्यावर जाते. तिथं एंजल क्लेअर भेटतो. प्रेम जमतं, लग्न ठरतं.

आता चिठ्ठी बघा. लग्नाआधी टेस सगळं खरंखरं लिहून त्याच्या दाराच्या फटीतून आत सरकवते. चिठ्ठी गालिच्याखाली जाते. त्याला मिळतच नाही. आपल्या कादंबरीवाल्याला एवढं घबाड मिळालं असतं तर त्यानं तीनशे पानं ओढली असती. हार्डी काय करतो? लग्नाच्या रात्रीच तो गैरसमज संपवतो. आधी एंजल आपलं सांगतो, लंडनात एका बाईबरोबर दोन दिवस घालवले होते. टेस क्षणात माफ करते. मग ती आपलं सांगते. आणि हा गडी दगड होतो. म्हणतो, मी प्रेम केलं ती तू नव्हेसच. तिला आईबापाकडं धाडून स्वतः ब्राझीलला निघून जातो.

म्हणजे चिठ्ठी मिळाली असती तरी तेच झालं असतं, फक्त चार दिवस आधी. सगळं कळलं, म्हणूनच संसार मोडला.

गंमत पुढंच आहे. ही कथा आधी काही मासिकांनी नाकारली. मग ‘ग्राफिक’ साप्ताहिकात क्रमशः छापायची म्हणून हार्डीला काटछाट करावी लागली. त्या छापील रूपात टेसला खोट्या लग्नानं फसवलेलं दाखवलं. बाईला वाटलं आपलं लग्न झालंय, झालं नव्हतं. बघा, सभ्य वाचकाला पचावं म्हणून अत्याचाराचा गैरसमज करून टाकला! पाणी साचलेल्या वाटेतून एंजल गवळणींना उचलून नेतो, तिथंही हातगाडी आणली. पुस्तक काढताना हार्डीनं मूळचं परत घातलं आणि शीर्षकाखाली लिहिलं: एक शुद्ध स्त्री. सभ्य लोकांची आग झाली.

कुळाचं बघा. टेसच्या बापाला एक पाद्री सांगतो, तुम्ही जुन्या सरदार घराण्यातले. हे कळल्यावर एंजलला आधी आनंद, आईसमोर मिरवायला बरं. आणि भांडणाच्या रात्री तोच म्हणतो, जुनी कुळं सडलेलीच असतात. कुळ त्याचं त्यालाच वापरायचं. चांगलं निघालं तर शोभा, वाईट निघालं तर रक्ताचा दोष. मित्रांनो, हा हिशेब आपल्याला कुणी इंग्रजीतून समजावून सांगायची गरज आहे काय?

आणि एंजल कोण होता? पुरोगामी होता! पाद्र्याचा पोरगा असून चर्चची नोकरी नाकारली, नव्या विचाराची पुस्तकं वाचली, मजुरांच्या पंगतीला जेवला. सगळं सोडलं, बाईच्या शुद्धतेची कल्पना तेवढी सोडवली नाही. ब्राझीलमध्ये आजारी पडल्यावर डोकं ताळ्यावर आलं. तोवर इकडं टेस थंडीत शेतातले कंद उपटते, मळणी यंत्रावर दिवसभर पेंढ्या सोडते. यंत्र थांबत नाही म्हणून बाईनंही थांबायचं नाही. बाप मरतो, त्याच्या हयातीपुरतं असलेलं घर जातं. आई, भावंडं रस्त्यावर. भुकेपोटी ती त्याच पहिल्या नराधमाकडं जाते. नवरा परततो, ती त्या माणसाचा खून करते, फाशी जाते. नवऱ्याला समजायला लागलेल्या वेळेची किंमत बायकोनं गळ्यानं भरली.

म्हणून सांगतो, हे पुस्तक आपल्या पोरांनी वाचावं. सभेत सगळं जुनं जाळायच्या गोष्टी करणारा आणि पोरगी बघायला गेल्यावर ‘तिचं आधी कुठं काही होतं का’ म्हणून हळूच चौकशी करणारा दोस्त मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. त्याला कुणी जाब विचारला की तो म्हणतो, आमच्यात गैरसमज झाला रे. नाही राजा, गैरसमज नाही झाला. तुझी समजच तशी आहे.

लिहिणाऱ्यांनो, तुम्हीही लग्नाच्या कादंबऱ्या जरूर लिहा. प्रेम ही काय पांढरपेशांची मिरास नाही. पण चिठ्ठी हरवू नका. पहिल्याच पानावर नवऱ्याच्या हातात द्या, त्याला पुरती वाचू द्या, आणि मग तो काय करतो ते लिहा.