प्रबंधाचें बहिरंग

ठाण्यांतील वागळे इस्टेट ही कारखान्यांची वसाहत म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजीं स्थापन झालें, आणि त्याच्या आरंभींच्या इतिहासांत या वसाहतीचें नांव अग्रभागीं येतें. येथील रस्ते नांवांपेक्षां क्रमांकांनींच अधिक ओळखले जातात, आणि त्या रस्त्यांवर एके काळीं यंत्रांचा आवाज दिवसरात्र चाले. आज पुष्कळ ठिकाणीं तो थांबला असून त्या जागीं संगणक-कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या आसपास झेरॉक्स, छपाई आणि पुस्तकबांधणी यांचीं लहान लहान दुकानें आहेत. परीक्षांचा हंगाम आला कीं या दुकानांत एक निराळाच माल तयार होऊं लागतो. त्या मालाचें नांव पदव्युत्तर प्रबंध.

या मालाविषयीं चार कडू शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. धीर होत नव्हता. कारण ज्या कारखान्यांत हा माल निघतो त्याच्या मुकादमांपैकीं मीही एक आहें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत एक प्रसंग घडला आणि गप्प बसणें अशक्य झालें.

माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी अशाच एका दुकानांत गेलों होतों. दुकानदारानें खुर्ची पुढें केली आणि विचारलें, "सर, डावीकडे दीड इंच सोडलाय ना? नाहीतर शिवण अक्षरांवर येते." मग ओळींतील अंतर, पृष्ठक्रमांकाची जागा, मुखपृष्ठावरील ओळींचा क्रम, रेक्झीनचा रंग, सोनेरी अक्षरांचा आकार हें सर्व त्यानें कागद न पाहतां सांगितलें. मला त्याचा आदरच वाटला. डावा समास मोठा कां ठेवावयाचा याचें कारण त्याला ठाऊक होतें. माझ्या वर्गांतील एकाही विद्यार्थ्याला तें मीं कधीं सांगितलें नव्हतें. परंतु आम्ही निघालों तेव्हां त्यानें आपली दुसरी सेवाही जाहीर केली. "संदर्भसूची राहिली असेल तर ठेवून जा, सर. टक्का जास्त येत असेल तर तोही उतरवून देतो. उद्या संध्याकाळी तयार."

पुस्तक बांधणाऱ्यानें पुस्तक बांधावें, यांत वावगें कांहीं नाहीं. पण संदर्भसूची ही बांधावयाची वस्तु कधींपासून झाली? आणि ती तशी झाली असेल तर तिला तसें केलें कोणी?

प्रबंधाच्या मांडणीविषयीं आमच्या अध्यापकवर्गांत दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष सोंवळ्याचा. त्याच्या दृष्टीनें समास पाव इंचानें चुकला कीं संशोधन विटाळलें. दुसरा पक्ष उदार म्हणविणाऱ्यांचा. तो म्हणतो, "विचार पहा, टिंबें आणि स्वल्पविराम काय पाहतां? तें काम दुकानदाराचें." हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी दिसतात, परंतु माझ्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. मांडणी म्हणजे केवळ वरचा पोशाख, हें दोघांसही मान्य आहे. एक त्या पोशाखाची पूजा करतो, दुसरा तो शिंप्याकडे टाकतो, इतकाच भेद. मांडणी हा विचाराचाच भाग आहे ही गोष्ट दोघांपैकीं कोणासच सुचत नाहीं.

यांतील बरेचसे नियम कोठून आले पहा. डावा समास रुंद, कारण तेथें शिवण येते. ओळींत दुप्पट अंतर, कारण टंकलेखनयंत्राच्या काळांत परीक्षक त्या मोकळ्या जागेंत लेखणीनें दुरुस्त्या करी. कागदाची एकच बाजू वापरावयाची, कारण दुसऱ्या बाजूस ठसा उमटे. प्रस्तावनेच्या पानांस निराळे क्रमांक, कारण ग्रंथ छापून झाल्यावर प्रस्तावना शेवटीं लिहिली जाई. मराठी ग्रंथांत तर तीं पानें 'एक, दोन, तीन' अशीं अक्षरी मोजण्याची जुनी चाल आहे. प्रत्येक नियमाला कारण होतें. आज प्रबंध पडद्यावर वाचला जातो. तेथें शिवणही नाहीं आणि लेखणीही नाहीं. कारण गेलें आणि नियम उरला, म्हणजे त्याचा विधि होतो. आणि विधि म्हटला कीं तो दक्षिणा देऊन दुसऱ्याकडून उरकून घेण्याची बुद्धि होते.

परंतु कांहीं नियम असे आहेत कीं त्यांचें कारण कधींच जात नाहीं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत पांच खंडांत प्रसिद्ध झाला. सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ कोणींही उघडून पहावा. वर इंग्रजी विवेचन आणि खालीं तळटीपांत मूळ संस्कृत वचनें. या तळटीपा पांडित्याच्या प्रदर्शनासाठीं नाहींत. "मी म्हणतों म्हणून मानूं नका, हें मूळ वचन, तुम्हीच ताडून पहा," असें त्या वाचकास सांगतात. तळटीप म्हणजे ग्रंथकारानें स्वतःविरुद्ध वाचकाच्या हातीं दिलेलें हत्यार होय.

दुसरें उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य तेथें १९१९ सालीं आरंभिलें गेलें आणि १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. या आवृत्तींत ज्या पाठाविषयीं संपादकाची पुरी खात्री नाहीं त्याच्या खालीं एक नागमोडी रेघ छापलेली असते. केवढी लहानशी खूण! छपाईच्या दृष्टीनें पाहिलें तर पान त्यामुळें कांहींसें कुरूपच दिसतें. परंतु देशांतील इतक्या थोर विद्वानांनीं आपल्या अनिश्चिततेची जागा लपविली नाहीं. उलट ती ठळक केली. मांडणी म्हणजे काय, हें मला विचाराल तर मी त्या नागमोडी रेघेकडे बोट दाखवीन.

तिसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. कोलंबिया विद्यापीठांत प्रबंधाच्या छापील प्रति दाखल केल्यावांचून पीएच.डी. मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ सालीं लंडन येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, आणि पदवी १९२७ सालीं मिळाली. अट कठोर होती. गरीब विद्यार्थ्यास ती जाचकही होती. पण तिच्या पोटीं एक तत्त्व होतें: ज्ञान चार परीक्षकांच्या खोलींत संपत नाहीं, तें जगापुढें यावें आणि जगानें तें तपासावें.

आतां आमच्याकडे पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणें आवश्यक झालें. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारांत असे प्रबंध घरबसल्या वाचावयास मिळतात. तत्त्व तेंच, आणि सोय कितीतरी मोठी. परंतु युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत जुळविलेला मराठी प्रबंध उघडून पहा. डोळ्यांस तो सुंदर देवनागरी दिसतो. यंत्राच्या लेखीं मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन सरमिसळ असते. त्यांत 'कामगार' हा शब्द शोधूं जावें तर तो सांपडत नाहीं. त्यांतील चोरी पकडूं जावें तर तीही सांपडत नाहीं. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. तरीही असे टंक चालतात, कारण छापील पान "चांगलें दिसतें". दिसण्यासाठीं आम्ही मराठी ज्ञान अशा कोठारांत टाकतों कीं ज्याची किल्ली कोणापाशींच नाहीं.

टक्क्याची गोष्टही तशीच. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें प्रबंधांतील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाहीं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आंत सुधारलेला प्रबंध द्यावयाचा. ४० ते ६० असेल तर एक वर्षपर्यंत सुधारलेला प्रबंध देण्यास मनाई. आणि ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. श्रेयनिर्देश करून घेतलेलीं अवतरणें आणि संदर्भसूची हीं या मोजणींतून वगळलेलीं आहेत. म्हणजे प्रामाणिक उसनवारीस कायद्याचा अडथळा नाहीं. पण विद्यार्थी काय करतो? अवतरणचिन्हें काढतो, दोन शब्द इकडचे तिकडे करतो, 'वृद्धि' च्या जागीं 'वाढ' लिहितो, आणि दुसऱ्याचें वाक्य आपलें करून टाकतो. टक्का उतरतो आणि चोरी पुरी होते. "चोरी करूं नका" या आज्ञेचा अर्थ "चोरी ओळखूं येऊं देऊं नका" असा झाला. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, दुसरें काय!

आणि आतां तर संगणकास प्रश्न विचारून लेखच्या लेख लिहवून घेण्याची सोय झाली आहे. मध्यंतरीं एक लघुप्रबंध माझ्याकडे परीक्षणास आला. संदर्भसूची पाहून मी थक्क झालों. एक स्वल्पविराम चुकलेला नव्हता. त्यांतील एक ग्रंथ पहावा म्हणून मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत गेलों. ही संस्था १८९३ पासून ठाणेकरांस ग्रंथ पुरवीत आली आहे. तेथें तो मिळाला नाहीं. इतरत्रही मिळाला नाहीं. मिळणार कसा? ग्रंथकार खरा, प्रकाशक खरा. ग्रंथ मात्र कोणीं लिहिलेलाच नव्हता. तोंडी परीक्षेच्या वेळीं विद्यार्थ्यानें तें निमूटपणें कबूल केलें. आमच्या सोंवळ्या पक्षाच्या कसोटीवर हा प्रबंध निर्दोष उतरला असता. केवळ आकारच तपासणाऱ्यांच्या नशिबीं शेवटीं निव्वळ आकारच येतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाहीं. "आमचे विद्यार्थी नोकरी करून शिकतात. कल्याण-डोंबिवलीहून लोकलनें उभ्यानें येतात. त्यांनीं टिंबें मोजीत बसावें कीं अभ्यास करावा?" शिवाय सर्वांस एकच सांचा असला म्हणजे श्रीमंताचा प्रबंध आणि गरिबाचा प्रबंध परीक्षकापुढें सारख्या वेषांत येतात, हाही लाभ खराच. म्हणूनच मी सांचा मोडा असें म्हणत नाहीं. परंतु ज्या मुलापाशीं वेळ नाहीं त्याला समासाच्या इंचांत गुंतविणें आणि संदर्भ कसा द्यावा हें न शिकवितांच सोडणें, ही त्याच्यावर दया नव्हे. त्यामुळें तो पैसे मोजून दुकानदाराचा ऋणी होतो आणि ज्ञानाच्या बाबतींत जसाच्या तसा राहतो.

आतां माझा स्वतःचा अपराध सांगतों. वर जिचा उल्लेख केला ती विद्यार्थिनी किसननगरांत राहणारी, कामगाराची मुलगी. वागळे इस्टेटमधील बंद पडलेल्या लहान कारखान्यांतील कामगारांच्या कुटुंबांवर तिनें लघुप्रबंध लिहिला. ती घरोघर गेली, म्हाताऱ्या कामगारांशीं बोलली, तें सर्व टिपून ठेवलें. कारखाना केव्हां बंद झाला, हिशेबाची रक्कम मिळाली कीं नाहीं, याविषयींच्या कित्येक विधानांपुढें तिनें कंसांत एक प्रश्नचिन्ह घातलें होतें. कारण तीं आठवणीवरून सांगितलेलीं होतीं आणि कागदाचा पुरावा मिळाला नव्हता. मीं तांबड्या शाईनें तीं सर्व प्रश्नचिन्हें खोडलीं. समासांत लिहिलें, "अपुरें दिसतें." ती म्हणाली, "सर, खूण काढली तर ते खात्रीचं वाटेल." मीं उत्तर दिलें, "प्रबंधांत शंका शोभत नाहीं." तिनें माझें ऐकलें. दुकानदारानें तें पान अतिशय सुबक छापलें.

सुखटणकरांची नागमोडी रेघ वर्गांत वर्णन करून सांगणारा मी, आणि माझ्या विद्यार्थिनीची नागमोडी रेघ खोडणाराही मीच. त्या दुकानदारास मी कोणत्या तोंडानें नांवें ठेवूं?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंस आणि विद्यापीठांच्या चालकांस तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, समास, रेक्झीन, सोनेरी अक्षरें यांचे नियम एका पानांत बसवा आणि तें काम खुशाल दुकानदारास द्या. दुसरी, मराठी प्रबंध युनिकोडमध्येंच स्वीकारा. जो शोधतां येत नाहीं तो प्रबंध सादर झालाच नाहीं असें समजा. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: तळटीप, अवतरण, संदर्भ आणि शंकेची खूण या चार गोष्टी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातून होऊं द्या. तोंडी परीक्षेंत कोणतेही पांच संदर्भ निवडा आणि विचारा, "हा ग्रंथ तूं कोठें पाहिलास? त्यांत काय आहे?" या दोन प्रश्नांस कोणत्याही दुकानांत उत्तर विकत मिळत नाहीं. मात्र ते विचारण्यासाठीं परीक्षकानें प्रबंध वाचलेला असावा लागतो, ही अडचण आहे खरी.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाचा प्रबंध घरीं आला कीं आपण त्यावरील सोनेरी नांवावर हात फिरवितों, आणि तो आनंद रास्तच आहे. त्यानंतर एकदां तो उघडून मुलाला विचारावें, "यांतलें तुला नक्की ठाऊक काय आहे, आणि काय नाहीं?"

त्या मुलीचा लघुप्रबंध आज ग्रंथालयाच्या कपाटांत आहे. ज्या विधानांविषयीं तिला स्वतःला शंका होती तीं त्यांत निःशंक उभीं आहेत. उद्यां कोणी तरी तीं खरीं मानून आपल्या प्रबंधांत उतरून घेईल, आणि खालीं तिच्या नांवाची तळटीप देईल. ती तळटीप नियमाप्रमाणें बिनचूक असेल.